अर्ध्या ग्लासाचा रिपोर्ट

अपेक्षावहिनीला पाचवा महिना सरला आणि एन-नऊ कॉलनीतल्या त्या घरानं तिला खाऊ घालायचं काम निवडणुकीच्या बूथसारखं वाटून घेतलं. सकाळ सासूबाईंची, म्हणजे द्वारकाबाईंची: खारीक-खोबऱ्याचा लाडू, वर गरम दूध आणि दुधात बोट बुडेल एवढं तूप. संध्याकाळ सासऱ्यांची. आप्पासाहेबांना आजकाल रोज गुलमंडीच्या बाजारात काहीतरी काम निघायचं, आणि काम काय ते कधी कळलं नाही तरी परत येताना पिशवीत इमरती असायचीच. नवरा ऋतुराज शेंद्र्याच्या कंपनीतून शिफ्ट संपवून यायचा तो कुल्फी घेऊन. राहिली मोनिका, वहिनीची नणंद. वय वर्षं पंधरा, नुकतीच नववी पास, दहावीच्या उन्हाळी वर्गाला बसलेली. तिच्याकडं वहिनीच्या ताटातलं उरलेलं संपवायचं खातं होतं. ते तिला कुणी दिलेलं नव्हतं, तिनं स्वकष्टानं मिळवलं होतं.

मोनिका फेब्रुवारीत वक्तृत्व स्पर्धेत जिल्ह्यात दुसरी आली होती. तेव्हापासून घरात आज भाजी कुठली करायची हा प्रश्न निघाला तरी ती उभी राहून, घसा साफ करून बोलायची. बोलताना उजवा हात असा फिरवायची की पंख्याला लाज वाटावी. डावा हात मात्र खालीच. तो जन्मापासून खांद्याच्या वर पूर्ण जात नसे. "बाळंतपणात जरासा अडकला व्हता, मालिशनं सुटला," एवढंच द्वारकाबाई सांगायच्या, आणि लगेच मुख्य मुद्द्यावर यायच्या. मुख्य मुद्दा असा की मोनिका जन्मली तेव्हा चार किलो सहाशे ग्रॅमची होती. अख्ख्या भावकीत हा विक्रम अजून कुणी मोडलेला नव्हता. घरात कपाटावर मोनिकाची वक्तृत्वाची ढाल होती, पण पाहुण्यांना आधी वजन सांगितलं जायचं, मग ढाल दाखवली जायची.

आता त्या विक्रमाला धक्का लावायची जबाबदारी वहिनीवर आली होती.

एप्रिलच्या मध्यात डॉक्टर सोनवणे मॅडमनी शुगरची तपासणी सांगितली. सव्विसावा आठवडा चालू होता आणि ही तपासणी त्याच सुमाराला करतात. तशी ती अगदी साधी. पाण्यात पंचाहत्तर ग्रॅम ग्लुकोज कालवून ग्लास हातात देतात, पाच-दहा मिनिटांत तो संपवायचा, दोन तास बाकावर बसून राहायचं आणि मग रक्त द्यायचं. शरीरानं ती साखर नीट मार्गी लावली तर आकडा एकशे चाळीसच्या आत राहतो. नाही लावली तर समजायचं, गरोदरपणात शुगर वाढायला लागली आहे. वहिनीच्या वडलांना शुगर होती, म्हणून मॅडमनी तारीख चिठ्ठीवर दोनदा लिहून दिली.

द्वारकाबाईंना ही तपासणी मुळीच मंजूर नव्हती. त्या स्वतः आठ वर्षं शुगरची गोळी घेत होत्या, आणि गोळी घेणारी बाई व शुगरची तज्ज्ञ यात त्यांना काही फरक वाटत नव्हता. रिक्षात बसल्याबसल्या त्यांनी आपला सिद्धांत मांडला. डॉक्टर लोक आधी साखर पाजतात आणि मग म्हणतात साखर निघाली. त्यांच्या गावात कडुबा नावाचा एक इसम होता, तो आधी स्वतः बांधाचा दगड सरकवायचा आणि मग स्वतःच मोजणी मागायचा. तसलाच हा प्रकार. शिवाय सुनेला शुगर निघाली म्हणजे बातमी फुलंब्रीला थोरल्या बहिणीपर्यंत जाणार, आणि सकाळचा लाडू बंद होणार. यातलं कुठलं दुःख मोठं, ते त्यांनी सांगितलं नाही.

मोनिका सोबत आली होती, कारण उन्हाळी वर्ग बुडवायला घरच्या सुनेची तपासणी हे वजनदार कारण होतं.

दवाखान्यात सायली सिस्टरनं ग्लास हातात दिला, त्यात लिंबाचे दोन थेंब पिळले आणि पलीकडच्या खोलीत कुणीतरी कळा देत होतं तिकडं धावली. वहिनीनं डोळे मिटून अर्धा ग्लास कसाबसा घशाखाली घातला. मग तिला मळमळायला लागलं. उलटी नाही झाली, पण तोंडावर पाणी मारून येते म्हणून ती उठली आणि बेसिनकडं गेली. ग्लास राहिला बाकावर. बाकावर एका बाजूला द्वारकाबाई, दुसऱ्या बाजूला मोनिका.

द्वारकाबाईंनी इकडं बघितलं, तिकडं बघितलं.

"मोने, पी ते."

मोनिकानं विचारलं, मी कशाला?

"पोटातल्या लेकराला येवढी साखर कशाला पाजायची? आन् सांडलं तर सिस्टर बघंल. पी, वाया नको घालू."

बाहेर बेचाळीस अंश ऊन होतं. मोनिकाला तहान लागली होती. वाया जाणारं संपवणं हे तर तिचं खातंच होतं. तिनं एका दमात ग्लास रिकामा केला आणि ओठ पुसले. चव काही वाईट नव्हती.

सिस्टर परत आली, संपलं का म्हणाली. द्वारकाबाई म्हणाल्या, संपलं. किती निर्मळ मनानं म्हणाल्या म्हणून सांगू, हरिपाठाला बसलेली बाई इतकं निर्मळ बोलत नसेल. वहिनी आली, तिनं रिकामा ग्लास बघितला. तिला वाटलं, सासूनं आपली कीव येऊन उरलेलं ओतून दिलं. तिला इतकं बरं वाटलं की तिनं तोंड उघडलंच नाही. अशा तऱ्हेनं तीन बायका तीन वेगवेगळ्या कारणांनी दोन तास गप्प बसल्या, आणि त्या घरातल्या बायका दोन तास गप्प बसल्याची ही पहिलीच नोंद असावी.

रिपोर्ट आला, एकशे अठरा.

द्वारकाबाईंनी कॉलनीत पेढे वाटले. शुगर नाही म्हणून साखर वाटायची ही रीत मोनिकाला त्या वेळी विनोदी वाटली नाही, तिनं तीन पेढे खाल्ले.

पुढचा महिना म्हणजे नुसती रणधुमाळी. रिपोर्ट चांगला आल्यामुळं नातेवाइकांना मोकळं रान मिळालं. आज या घरी पुरणपोळी, उद्या त्या घरी शेवयांची खीर, परवा चुलत सासूकडं गुलाबजाम, आणि कुणाकडं जाऊन दोनच खाल्ले तर तिसऱ्या दिवशी फोन की सूनबाईला आमचं आवडलं नाही वाटतं. वहिनीला तहान लागायची ती भागायची नाही. ज्या शहरात नळाला आठ दिवसांनी पाणी येतं तिथं तिनं माठांवर माठ रिकामे करायचा सपाटा लावला. आप्पासाहेब टाकीचं झाकण उघडून आत बघायचे आणि देवाचं नाव घ्यायचे. सगळे म्हणाले, उन्हाळाय. वहिनी थकून दुपारभर पडून राहायला लागली. सगळे म्हणाले, दिवस भरत आलेत. पोट मापापेक्षा मोठं दिसायला लागलं, तर द्वारकाबाईंच्या चेहऱ्यावर असं तेज आलं की मोनिकाला वाटलं, बहुतेक आपला विक्रम गेला.

मेच्या मध्यात सोनोग्राफी झाली. त्या रविवारी डोहाळजेवण ठरलेलं होतं आणि ते आटोपलं की त्याच संध्याकाळी वहिनी पहिल्या बाळंतपणासाठी माहेरी, फर्दापूरला जाणार होती. तिच्या भावानं गाडीसुद्धा सांगून ठेवली होती. सोनवणे मॅडम स्क्रीनवर बराच वेळ मापं घेत राहिल्या. बाळाचं पोट तारखेपेक्षा तीन आठवडे पुढं होतं आणि भोवतीचं पाणीही जास्त होतं. त्यांनी फाइल उघडली, मागचा रिपोर्ट बघितला, परत स्क्रीन बघितली.

त्यांनी विचारलं, ग्लुकोज पूर्ण प्यायली होतीस ना?

वहिनी काही बोलणार, तेवढ्यात द्वारकाबाई म्हणाल्या, "व्हय व्हय. ग्लासात थेंब नाय ठेवला."

आणि हे खरं होतं. म्हणूनच ते इतकं वाईट होतं.

मॅडम म्हणाल्या, तरीही सोमवारी ती तपासणी पुन्हा करून घेऊ, मला खात्री करायची आहे. द्वारकाबाईंनी मान हलवली. पण ती मान कशी हलली ते मोनिकाला ओळखू आलं. वर्गात गृहपाठ केला का विचारल्यावर मुली हलवतात तशी. सोमवारी वहिनी तर फर्दापुरात असणार होती, फाइलमधला एकशे अठरा घेऊन, आणि तिथला डॉक्टर तो आकडा बघून पुढचं पान उलटणार होता.

द्वारकाबाई वहिनीला घेऊन औषधाच्या खिडकीकडं गेल्या, तेव्हा मोनिका केबिनच्या दारात घुटमळली. तिनं मॅडमना विचारलं, समजा एखादीला शुगर आहे आणि कळलंच नाही, तर काय होतं? मॅडमना वाटलं मुलगी हुशार आहे. त्यांनी खुर्ची ओढून समजावून सांगितलं. आईच्या रक्तातली जास्तीची साखर नाळेतून बाळाकडं जाते. बाळ ती जिरवायला स्वतःचं इन्सुलिन वाढवतं आणि फुगत जातं, सगळ्यात जास्त खांदे आणि पोट. आईचं बीपी वाढू शकतं. प्रसूतीत कधी डोकं बाहेर येतं आणि खांदा अडकतो, मग ओढताना हाताची नस ताणली जाते. नाळ कापली की साखरेचा पुरवठा एकदम बंद, पण बाळाचं इन्सुलिन चालूच, त्यामुळं जन्मल्यावर बाळाची साखर धाडकन खाली येते. आणि कधी कधी, मॅडम म्हणाल्या, शेवटच्या आठवड्यांत बाळ पोटातच जातं. वेळेवर कळलं तर यातलं बहुतेक टाळता येतं, जेवण सांभाळून, चालून, लागलं तर औषधानं.

"किती किलोच्या बाळाचा खांदा अडकतो?" मोनिकानं विचारलं.

"असं नक्की नसतं. पण चार-साडेचारच्या पुढं भीती वाढते. का गं?"

"काही नाही, स्पर्धेसाठी," मोनिका म्हणाली आणि डाव्या हातानं दार ओढून बाहेर आली.

त्यानंतरचे तीन दिवस, जिल्ह्यात दुसरी आलेल्या त्या वक्त्याला एक वाक्य सुचलं नाही. वाक्य छोटंच होतं, त्यात एकही अलंकार नको होता. तिनं ते आरशापुढं म्हणून बघितलं, पण आरशातल्या मुलीनंही नजर चुकवली. ऋतुराजला सांगायचा प्रयत्न केला तर त्यानं मोबाइलवरून मान न उचलता सांगितलं की आईला सगळं ठाऊक असतं, तू अभ्यास कर. वहिनीला सांगायला गेली तर ती झोपलेली, सुजलेले पाय उशीवर ठेवून. आणि आईला काय सांगणार? आईला तर माहीतच होतं. मोनिकाला आयुष्यात पहिल्यांदा कळलं की बोलता येणं आणि सांगता येणं ही दोन वेगळी खाती आहेत, आणि दुसऱ्या खात्यात तिच्याकडं फारसं काही नव्हतं.

रविवार उजाडला. गणपती मंदिराच्या हॉलमध्ये सव्वाशे खुर्च्या, तीन कूलर आणि एक माइक. वहिनीला हिरवी साडी, मोगऱ्याचे दागिने, डोक्यावर फुलांचा मुकुट. ती झोपाळ्यावर बसली होती आणि दर दहा मिनिटांनी पाणी मागत होती. फुलंब्रीहून द्वारकाबाईंची थोरली बहीण भामाबाई आली होती. तिच्या मुलाच्या बागेतल्या केशर आंब्याच्या चार पेट्या, आणि त्यातल्या दोन पेट्यांचा आमरस होऊन पातेल्यात तयार. फर्दापूरहून वहिनीची आई आली होती, तिची बॅग भरून घ्यायला. निवेदन अर्थातच मोनिकाकडं. एवढी ढाल घरात असताना बाहेरचा माणूस कोण बोलावणार?

पेढा-बर्फी झाली. दोन झाकलेल्या वाट्या, एक उघडायची, पेढा निघाला तर मुलगा आणि बर्फी निघाली तर मुलगी. वहिनीनं उघडली, बर्फी. लगेच चार-पाच जणी एका सुरात म्हणाल्या, पहिली बेटी धनाची पेटी, आणि त्यातल्या तिघींनी दुसऱ्या वाटीतला पेढा तिच्या तोंडात घातलाच, उगाच राहायला नको. मग पाच सवाष्णींचे पाच घास. पहिला डिंकाचा लाडू, दुसरी जिलबी, तिसरा आमरसात बुडवलेला पुरीचा तुकडा. वहिनी प्रत्येक घासाला "बास" म्हणायची, प्रत्येक सवाष्ण "आता दोघांचं खायचं" म्हणायची. हॉलच्या दाराबाहेर फर्दापूरची गाडी येऊन उभी राहिली. वहिनीच्या भावानं डिकी उघडून ठेवली.

चौथा घास भामाबाईचा होता. तिनं मोतीचुराचा लाडू उचलला, अख्खा.

मोनिकाच्या हातातल्या कागदावर या वेळी म्हणायचा उखाणा लिहिलेला होता. तिनं माइक तोंडापाशी नेला आणि कागद वाचलाच नाही.

"त्या दिवशी वहिनीचा अर्धा ग्लास मी प्यायले होते."

भामाबाईचा लाडू हवेतच थांबला.

भामाबाईनं विचारलं, कशाचा गं?

"ग्लुकोजचा. शुगरच्या तपासणीतला. अर्धा वहिनीनं घेतला, अर्धा मी. रिपोर्ट खोटा आहे."

मोनिकाला वाटलं होतं, वीज पडेल. झालं असं की भामाबाई हसली. हसली ती अशी की लाडू हलायला लागला. "अगं, लेकरानं सरबत पेलं तर येवढं माइकवर काय सांगायचं," म्हणाली. मग बाकीच्याही हसल्या. कुणीतरी म्हणालं, पोरगी खरी आहे हं, आजकाल कोण कबूल करतं. एका काकूंनी टाळ्यासुद्धा वाजवल्या. पूर्ण हॉलमध्ये एका माणसाला त्या वाक्याचा अर्थ कळला, आणि तिच्या डोक्यावर फुलांचा मुकुट होता.

"अर्धा म्हणजे सगळा अर्धा?" वहिनीनं विचारलं.

"सगळा."

वहिनीनं भामाबाईचा लाडवाचा हात हळूच खाली केला. आपल्याला वाटत होतं तो ओतून दिला, असं ती स्वतःशीच म्हणाली. मग द्वारकाबाईंकडं वळली. लग्नाला दीड वर्ष झालं होतं, आणि या दीड वर्षात तिनं सासूसमोर मान वर केली असेल तर फक्त पंख्यावरची जळमटं काढताना.

"आई, मी आज जाणार नाही. उद्या ती तपासणी करीन, मग काय ते बघू."

द्वारकाबाईंचा चेहरा लाल झाला. भरल्या ओटीत असलं अभद्र बोलणं, पाहुण्यांसमोर आईची शोभा, शिकवून शिकवून हे फळ, असं बरंच काही त्या बोलल्या आणि मोनिकाच्या हातातला माइक ओढायला पुढं आल्या. मोनिकानं तो उजव्या हातात घट्ट धरला आणि डावा हात वर केला. जेवढा जात होता तेवढा. कानापाशी येऊन तो थांबला.

"आई, माझा हात बघ. हा याच्यावर जात नाय. चार किलो सहाशे तू सगळ्यांना सांगती. हा कसा अडकला ते सांग ना."

आता मात्र कुणी हसलं नाही. सगळ्यांच्या नजरा भामाबाईकडं गेल्या, कारण त्या बाळंतपणात द्वारकाबाईंजवळ तीच होती. तिनं लाडू ताटात ठेवला, पदराला हात पुसला.

"डोकं आलं व्हतं भायेर," ती म्हणाली. आवाज एकदम बारीक झाला होता. "आन् पुढं येईचना. डॉक्टरीणबाई घामाघूम. निघाली तवा निळी पडलेली व्हती पोर. लई वेळ रडली नाय. द्वारकी सारखी इचारायली, रडली का, रडली का. मी खोटंच सांगितलं, रडली म्हणून."

"मला आजवर नाय सांगितलंस," द्वारकाबाई म्हणाल्या.

"सांगून काय करणार व्हते? तू वजन सांगत फिरायलीस. म्हटलं फिरू दे."

फर्दापूरची गाडी रिकामी परत गेली. म्हणजे अगदी रिकामी नाही, वहिनीचा भाऊ तीन डबे जिलबी घेऊन गेला. डोहाळजेवण तसंच पुढं चालू झालं, पंगती बसल्या, आमरस सगळा संपला. आपल्याकडं माणसं कितीही हादरली तरी आमरस उरत नाही.

सोमवारी दवाखान्यात तिघी पुन्हा त्याच बाकावर. द्वारकाबाई मोनिकाशी बोलत नव्हत्या, पण घरी थांब असंही म्हणाल्या नव्हत्या. या वेळी सायली सिस्टर समोर कंबरेवर हात ठेवून उभी राहिली. वहिनीनं ग्लास नाक दाबून संपवला. दोन तास. मग रक्त. मग आकडा आला, एकशे ब्याण्णव.

सोनवणे मॅडमनी सगळी हकीकत ऐकली. मोनिकाची अपेक्षा होती की मॅडम आता आईला असं झाडतील की ते ऐकून ठेवावं, पुढच्या स्पर्धेला उपयोगी पडेल. मॅडम रागावल्या नाहीत. फक्त म्हणाल्या, पाच आठवडे गेले, आठ-नऊ अजून हातात आहेत. मग त्यांनी कागद घेऊन वहिनीला सांगायला सुरुवात केली: एकदम भरपेट नको, दिवसातून थोडं थोडं पाच-सहा वेळा. ज्वारीची भाकरी, डाळ, पालेभाजी, अंडं चालत असेल तर अंडं. लाडू, इमरती, कुल्फी बंद. जेवल्यावर पंधरा-वीस मिनिटं चालायचं. घरी बोट टोचून शुगर बघायची आणि वहीत मांडायची. दोन आठवड्यांत आटोक्यात नाही आली तर इन्सुलिन, आणि त्यानं बाळाला काही होत नाही.

द्वारकाबाईंनी एकच प्रश्न विचारला. त्यांनी विचारलं, हिचा हात शुगरनंच गेला का?

मॅडम म्हणाल्या, इतक्या वर्षांनी खात्रीनं नाही सांगता येणार. तेव्हा तुमची तपासणी झाली होती का? नव्हती. तेव्हा तहान, थकवा? होतं. ज्यांना बाळंतपणात शुगर होऊन जाते त्यांना पुढं कायमची होण्याचा धोका बराच जास्त असतो, मॅडम म्हणाल्या, आणि त्यांची नजर द्वारकाबाईंच्या पर्समधून डोकावणाऱ्या गोळ्यांच्या पाकिटावर गेली. द्वारकाबाईंनी पर्सची चेन लावली.

त्या दिवसापासून घरात नवी राजवट आली. कालपर्यंत तूप ओतणारी बाई आता इमरतीच्या वासावरून आप्पासाहेबांची झडती घ्यायला लागली. ऋतुराजला गेटवरच थांबवून कुल्फी संपवून मग आत यायला लावलं. भामाबाईच्या उरलेल्या दोन पेट्या शेजारच्या घरी हलवल्या, आणि तिथल्या काकूंना ताकीद की कोयसुद्धा दिसता कामा नये. पहिल्याच आठवड्यात त्यांनी वहिनीचं खाणं इतकं कापलं की मॅडमनी त्यांना बोलावून सांगितलं, बाई, उपाशी ठेवायचं नाही, ही शिक्षा नाही. तरी संध्याकाळी सातला सासू आणि सून दोघी कॉलनीच्या मैदानाला चकरा मारताना दिसायच्या. पुढं सासू, मागं सून. सासूची स्वतःची शुगरही त्या महिन्यात खाली आली, आणि याचं श्रेय त्यांनी कुणालाच दिलं नाही. मोनिकाशी बोलणं त्यांनी नवव्या दिवशी सुरू केलं. आकड्यांची वही मोनिकाच लिहायची, म्हणून पहिलं वाक्य होतं, वही कुठं ठेवलीस?

दोन आठवड्यांनी आकडे हट्टीपणा करायला लागले, तेव्हा थोडं इन्सुलिन सुरू झालं. वहिनी आधी सुईला घाबरली, मग ऋतुराज घाबरला, मग वहिनीच स्वतः टोचायला शिकली.

जुलैमध्ये, एकोणचाळिसावा आठवडा लागताच मॅडमनी कळा आणायचं औषध दिलं. मुलगी झाली. तीन किलो दोनशे. डोकं आलं, पाठोपाठ खांदे आले, आणि ती अशी रडली की बाहेरच्या बाकावर बसलेल्या भामाबाईला खोटं सांगायची वेळच आली नाही.

पण एक तपासणी राहिली होती. बाळाच्या टाचेला टोचून एक थेंब रक्त घेतलं, आकडा आला एक्केचाळीस. जरा कमी. सिस्टर म्हणाली, आधी अंगावर पाजू, मग परत बघू. वहिनीनं पाजलं. सगळे वाट बघत उभे होते आणि नेमक्या त्या वेळी भामाबाईनं पिशवीतून मधाची वाटी काढली. बाळाच्या जिभेला पहिल्यांदा सोन्याच्या अंगठीनं मध चाटवायची त्यांच्या घरची रीत. अंगठी मधात बुडवून ती पाळण्याकडं निघालीसुद्धा.

द्वारकाबाईंनी वाटी तिच्या हातातून काढून घेतली.

"थांब. सिस्टर आकडा सांगंल. आन् मध वरीसभर नाय, मॅडमनं सांगितलंय."

"मध हाय गं द्वारके, इख नाय."

"मला बी ठाव हाय," द्वारकाबाई म्हणाल्या. "मी बी असंच म्हणत व्हते."

भामाबाईनं अंगठी पुसून बोटात घातली. वहिनी पडल्या पडल्या दोघींकडं बघत होती. सायली सिस्टरनं पुन्हा टाचेला टोचलं, बाळानं पुन्हा रडून दवाखाना डोक्यावर घेतला, आणि यंत्रावर अठ्ठावन्न आला. सगळ्यांनी सिस्टरच्या तोंडाकडं बघितलं, कारण हसायचं का रडायचं ते कुणालाच कळेना.

"चांगला आहे," सिस्टर म्हणाली. "पाजत राहा. अजून दोन-तीनदा बघू."

द्वारकाबाई सकाळपासून पहिल्यांदा खाली बसल्या. मधाची वाटी मांडीवर तशीच धरून त्यांनी मोनिकाला हाक मारली.

"लिही. अठ्ठावन्न. आन् टाइम बी लिही."

मोनिकानं लिहिलं.